तीन हजाराचं झाड

लाझारोनं कोयत्याची बोथट बाजू बुंध्यावर हाणली, कान लावला, दोन पावलं सरकून परत हाणली. झाडाभोवती त्याचा हा तिसरा फेरा. कुंपणापाशी फ्लोरिंदो झाडाकडे पाठ करून सायकलच्या कॅरिअरवर बसला होता. शेंगा फोडत होता आणि टरफलं खिशात भरत होता, कारण मालकीण नवीन होती आणि नवीन माणसं कशावरून चिडतील सांगता येत नाही.

“ए चढणाऱ्या,” शेगडीपाशी बसलेली सेलेस्ते ओरडली. ती या घरची स्वयंपाकीण. “नव्या नवरीसारखी पाठ करून काय बसलास? झाडाला लाजतोस?”

“झाड तुझ्यासारखंच आहे, मावशी. बोलणी झाल्याशिवाय तोंड दाखवत नाही.”

सेलेस्तेनं पदरातली एक कैरी उचलून त्याच्या पाठीत मारली. नेम चांगला होता.

“चार दिवस झाले मेल्या वादळाला,” ती म्हणाली. “चार दिवस मी उघड्यावर रांधतेय. आत जावं तर डोक्यावर पत्रा करकरतो. मीठ आणायला जाते ना, तेव्हा पळत जाते आणि पळत येते. या वयात!”

फ्लोरिंदो हसला, पण मागे वळला नाही.

पाठ करून बसायचं हा त्यांच्या धंद्यातला नियम. चढणाऱ्यानं भाव ठरेपर्यंत झाडाकडे बघायचं नाही आणि मालकाशी अवाक्षर बोलायचं नाही. या केलिमाने बंदरात नारळाच्या बागा होत्या तेव्हापासूनचं हे आहे. पुढे पिवळ्या रोगानं नारळ गेले, माडांचे नुसते खांब उरले, चढणारे बेकार झाले आणि वादळात मोडलेली झाडं उतरवायच्या धंद्यात आले. नियम मात्र तेच राहिले. झाड बघायचं दोरवाल्यानं. घासाघीस करायची दोरवाल्यानं. मग चढणाऱ्याला येऊन नुसता आकडा सांगायचा. कारण चढणारे एकजात शेखीखोर. मालकिणीनं नुसतं ‘एवढंसं तर झाड’ म्हटलं की छाती काढून निम्म्या भावात वर जातील. दोरवाला खाली उभा राहून बघतो, भीती त्याला वाटते. म्हणून भाव त्यानं सांगायचा.

आणि त्या आकड्यावरून चढणारा गाठी मारायचा. तीन हजारापर्यंतचं झाड म्हणजे कमरेला एक दोर, अनवाणी पाय, चल वर. पाच म्हणजे दोन दोर आणि शेंड्याकडून तुकडे तुकडे. आठच्या पुढचं झाड असेल तर दोघांनी हातच लावायचा नाही. दुसरी जोडी बोलवायची, बुंधा आवळून बांधायचा, पैसे चौघांत.

दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्ख्या भावाच्या हातात कुणी देत नाही. सख्खा भाऊ जमिनीचा वाटेकरी, तुझ्या मरणात त्याचं काहीतरी भलं होतंच. मेव्हण्याचं काय भलं होणार? तू पडलास तर त्याच्या दारात विधवा बहीण आणि तिची पोरं. जगात दुसऱ्या कुणी सोडला तरी तो दोर सोडणार नाही.

लाझारो बेल्मिराचा थोरला भाऊ. अकरा वर्षं फ्लोरिंदोचा दोर त्याच्याच हातात होता.

गेल्या साली मिशनच्या आवारातलं सुरूचं झाड उतरवताना फ्लोरिंदोचा डावा खांदा निखळला आणि वरचं हाड मोडलं. चार हजाराचं झाड होतं. तीन महिने बेल्मिरानं बाजारात तळलेले मासे विकून घर चालवलं. खांदा सांधला, पण आता त्या हातावर लोंबकळता येत नव्हतं. बादली उचलतानाही आतून काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं. बेल्मिरानं एका सकाळी दोघांना समोर बसवलं. पुढ्यात मक्याच्या शिजवलेल्या पिठाचं, शिमाचं भांडं होतं आणि ती वाढत नव्हती.

“चारच्या वरचं झाड घ्यायचं नाही,” ती म्हणाली. “दादा, तू शब्द दे. यांचा नको, हे काय, कुणी चढवलं की चढतात.”

लाझारोनं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मगच तिनं वाढलं.

आता मागे व्हरांड्यात बोलणं चाललं होतं. मालकीण दोना इव्होन महिन्याभरापूर्वी राजधानीतून बदली होऊन आलेली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात किल्ल्या. शब्द ऐकू येत नव्हते. लाझारोचा आवाज खाली, बाईंचा वर, मग दोघांचे खाली. मग बूट चिखलात चपक चपक वाजत जवळ आले.

“तीन,” लाझारो म्हणाला.

“तीन?”

“तीन हजार. आंबा आहे, दाजी. म्हातारा झालाय पण अंगानं चांगला. एक फांदी पत्र्यावर टेकलीये, तेवढी उतरवायची. दुपारपर्यंत घरी जाल तुम्ही.”

फ्लोरिंदोनं हातातल्या शेंगा त्याच्या हातावर ओतल्या, सायकलवरून उतरला आणि तेव्हा कुठे वळून झाड बघितलं.

झाड मोठं होतं. दोन पुरुष उंचीवर बुंध्याचे दोन हात झालेले. एक हात सरळ वर गेलेला. दुसरा वादळानं खाली वाकवून स्वयंपाकघरावर टेकवलेला, मोडलेला नाही, नुसता वाकवलेला. जिथे दोन हात फुटत होते तिथे नेच्यांचं रान माजलं होतं. तीन हजाराला जरा मोठंच, असं त्याला वाटून गेलं. पण वाटण्यावर तो जायचा नाही. त्याचं सगळं आयुष्य नारळावर गेलेलं. माडाला फांद्या नाहीत, लपवायला जागा नाही. कीड लागली तर शेंडा सांगतो, पोकळ असेल तर हात लावल्याबरोबर कळतं. आंब्याचं तसं नाही. आंबा वरून हिरवागार आणि आत काय चाललंय कुणाला ठाऊक. आंबा वाचायला लाझारो शिकला होता, हा शिकला नव्हता. गरजच पडली नव्हती.

त्यानं कमरेला एक दोर बांधला. करवत पाठीला, कोयता पट्ट्यात.

लाझारोनं दोराचं दुसरं टोक नेऊन पाण्याच्या टाकीच्या सिमेंटच्या खांबाला वेढलं. एक वेढा. मग दुसरा.

“काय दादा, तीन हजाराला दोन वेढे? आणि आज बूट पण?”

“जमीन ओली आहे. पाय घसरतो.”

“म्हातारा झालास तू.”

“झालो खरा,” लाझारो म्हणाला. “चढा आता. ऊन चढायच्या आत.”

फ्लोरिंदो चढला. खांदा त्यानं वापरलाच नाही. पाय आणि उजवा हात, माडावर चढायची सवय. दोन हात फुटतात तिथे पोचला, कमरेचा दोर सरळ उभ्या हाताच्या बेचक्यावरून घेतला, नेच्यांत पाय रोवला. पाय घोट्यापर्यंत आत गेला. पालापाचोळा असेल. वाकलेल्या फांदीवर तो घोड्यावर बसतात तसा बसला, बुंध्याकडे पाठ करून, आणि हातभर पुढे करवत लावली. खालून सेलेस्ते बघत होती.

“हळू रे! खाली माझी भांडी आहेत!”

“भांडी बाहेर काढ ना मग!”

“काढली असती! तुझ्यासारखी मला पाठ करून बसायला सवड नसते!”

करवत चांगली चालत होती. ओला भुसा पांढरा पडत होता, चिकाचा वास येत होता. बोटभर गेली, मग दोन बोटं. चार बोटं गेल्यावर करवतीचा आवाज बदलला. जड आवाज पातळ झाला, शीळ घातल्यासारखा. फ्लोरिंदो थांबला. खाली लाझारोकडे बघितलं. लाझारो दोर दोन्ही हातांत धरून मागे झुकून उभा होता, गुडघे वाकवून, जणू काही घडून गेलंय आणि तो ते पेलतोय.

“काय?” फ्लोरिंदोनं विचारलं.

“काही नाही. चालू द्या.”

त्यानं परत करवत ओढली. त्याच वेळी मानेला लाल मुंगी डसली. आंब्यावरच्या त्या मुंग्या म्हणजे जळता कोळसा. त्यानं शिवी हासडली, करवत सोडून मान झटकायला फांदीवर पालथा झुकला.

फांदी तुटली नाही. फाटली. करवतीच्या रेघेपासून उभी, लांबच्या लांब. खालची फाक पत्र्यावर राहिली आणि वरची उसळून मागे आली. त्याच्या पाठीवरून शर्ट खरवडत ती गेली. दोन क्षणांपूर्वी तिथे त्याची छाती होती. मग पायांखाली काहीतरी खोल, ओलं कडाडलं. नेचे ज्या खोबणीत होते ती खोबण उघडली आणि त्यात त्याला झाडाचं आतलं काळं दिसलं, कुजलेलं, तळापर्यंत. मग झाड नव्हतंच. हवा होती.

दोरानं कमरेत दणका दिला. तो जमिनीपासून पुरुषभर उंचीवर उलटा लटकत होता. नाकातून पाणी येत होतं. खाली पत्रा कोसळल्याचा आवाज उशिरा पोचला, भांड्यांचा त्याच्याही नंतर.

“दाजी! बोला! दाजी, बोला काहीतरी!”

“उतरव,” फ्लोरिंदो म्हणाला.

लाझारोनं हळूहळू, वीत वीत सोडत त्याला खाली घेतलं. अकरा वर्षांत इतक्या अलगद कधी उतरवलं नव्हतं.

जमिनीला पाठ लागल्यावर फ्लोरिंदो तसाच पडून राहिला. खांदा जागेवर होता. हाताची बोटं त्यानं एकेक हलवून बघितली. लाझारो वर वाकून त्याची मान, छाती, पाय चाचपत होता, आणि त्याचा हात लागला तिथे ओलं लागत होतं. फ्लोरिंदोला आधी वाटलं आपलं रक्त. नंतर दिसलं, लाझारोचे तळवे सोलून निघाले होते. वेढे दोन असूनही दोर हातातून सरकला होता, आणि त्यानं तो सोडला नव्हता.

फ्लोरिंदोच्या मनात जे पहिलं आलं ते रागाचं नव्हतं. बिचाऱ्याचे डोळे गेले, असं आलं. पन्नाशी उलटली. नेच्यांआडची चीर दिसली नसेल. त्या दिवशी बाजारात नोट डोळ्यांपाशी धरून बघत होता. कानही तसेच झाले असतील, बुंधा पोकळ वाजला तो कळला नसेल. चुकतं माणूस. आता याला दुखावल्याशिवाय सांगायचं कसं, की दादा, इथून पुढे दोघं मिळून बघत जाऊ? बेल्मिराला कळू द्यायचं नाही. तिनं भावाला बोल लावला असता. पत्रा फुटला, त्याचं काहीतरी करू. एवढं सगळं त्यानं चिखलात पाठीवर पडल्या पडल्या ठरवूनसुद्धा टाकलं.

तो उठून बसला आणि लाझारोच्या गुडघ्यावर थोपटलं.

“तुझा हात धू,” तो म्हणाला. “मला काही झालं नाही.”

लाझारो त्याच्याकडे बघेना. तो दोर गोळा करायला लागला.

दोना इव्होन व्हरांड्यातून धावत आल्या. पाण्याचा ग्लास हातात, अर्धा सांडलेला. त्या सरळ फ्लोरिंदोसमोर उकिडव्या बसल्या. त्याला काय करावं कळेना. आजवर कुठली मालकीण त्याच्याशी बोलली नव्हती. गावच्या बायका चढणाऱ्याला पाणी द्यायचं तरी दोरवाल्याकडे द्यायच्या.

“घ्या, प्या. लागलं का कुठे? दवाखान्यात नेऊ? माझी गाडी आहे.”

त्यानं मान हलवली आणि लाझारोकडे बघितलं.

“तुम्ही माझ्याशी बोला हो, त्यांच्याकडे काय बघता?” बाई म्हणाल्या. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेली माणसं बोलत सुटतात. “मला धडकीच भरली होती. यांनी आधीच सांगितलं होतं ना, झाड आतून पार खाली फाटलंय, फांदी धनुष्यासारखी ताणलीये, जिवाशी खेळ आहे, म्हणून नऊ हजाराच्या खाली हात लावणार नाही. मी म्हटलं, जीव महत्त्वाचा, नऊ तर नऊ. पण तुम्ही म्हणाला होतात आणखी दोन माणसं येतील, बुंधा आधी बांधाल?” त्या लाझारोकडे वळल्या. “ती माणसं कुठे आहेत?”

सेलेस्तेनं शेगडीवरच्या भांड्याचं झाकण उचललं, आत बघितलं आणि परत ठेवलं. आत नुसतं पाणी होतं. ती इथलीच होती, तिला नियम माहीत होता.

फ्लोरिंदोनं ग्लास तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायला. रिकामा ग्लास बाईंच्या हातात दिला.

“आभारी आहे, बाई,” तो म्हणाला.

बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत उठल्या आणि स्वयंपाकघराचं काय झालं ते बघायला गेल्या.

लाझारो दोर गुंडाळत होता. गुंडाळलेला उलगडून परत गुंडाळत होता. दोरावर तांबूस डाग पडत होते.

“नऊ,” फ्लोरिंदो म्हणाला.

“दाजी, ऐका—”

“चीर दिसली होती.”

लाझारोनं दोर खाली ठेवला. “दिसली होती.”

“ढोलीचा आवाज?”

“आला होता.”

फ्लोरिंदोला त्याचे बूट दिसले, खांबाचे दोन वेढे दिसले, वाकवलेले गुडघे दिसले. सगळं नऊ हजाराचं होतं. खाली उभा असलेला माणूस नऊ हजाराच्या झाडाचा दोर धरून उभा होता आणि वर चढलेला तीन हजाराच्या झाडावर मानेवरच्या मुंग्या मारत होता.

“तुम्हाला नऊ सांगितले असते तर तुम्ही चढलाच नसतात,” लाझारो म्हणाला. आवाज खाली, पण घाईघाईचा. “बेल्मिराला शब्द दिलाय म्हणाला असतात. नाहीतर दुसरी जोडी बोलवा म्हणाला असतात, की पैसे चौघांत. माझ्या घराला छप्पर नाही, दाजी. चार दिवस झाले, पोरं चर्चच्या ओट्यावर झोपतात. तुम्ही येऊन बघितलंत ना?”

“बघितलं. माझ्या घरी या म्हणालो होतो.”

“किती दिवस? बहिणीच्या घरी किती दिवस राहायचं माणसानं?”

फ्लोरिंदोनं मानेवर मुंगी डसली होती तिथे खाजवलं.

“मी धरला होता,” लाझारोनं दोन्ही तळवे पुढे केले. सालं निघालेली, मध्ये लाल चर. “बघा. सोडला का? अकरा वर्षांत एकदा तरी सोडला का? मी ठरवूनच उभा होतो, तुम्हाला काही होऊ द्यायचं नाही. दोन वेढे घेतले होते. तुम्हीच हसलात.”

“हो. हसलो.”

“मग?”

शेजारच्या आवारातली पोरं आवाज ऐकून भिंतीवर चढून बसली होती. एक जण फाटलेल्या झाडाकडे बोट दाखवून दुसऱ्याला काहीतरी सांगत होता. फ्लोरिंदोनं ओरडून त्यांना खाली उतरवलं. मग उठून उभा राहिला. डावा हात वर करून बघितला. खांद्यापर्यंत गेला, पुढे गेला नाही.

“मिशनमधलं सुरूचं झाड,” तो म्हणाला. “चार सांगितले होते तुम्ही मला. किती होतं ते?”

लाझारो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती. त्यानं ती सोडली आणि परत बांधली. रक्ताच्या बोटांनी गाठ नीट बसत नव्हती, म्हणून परत सोडली.

फ्लोरिंदो तो उठायची वाट बघत थोडा वेळ उभा राहिला. मग वाट बघणं सोडून दिलं.

झाड तसं ठेवून जाण्यासारखं नव्हतं. वाकलेला हात निघून गेल्यावर सरळ उभा असलेला हात एकटा पडला होता, आणि खालपर्यंत चिरलेला बुंधा त्याच्या वजनानं करकरत घराकडे झुकत होता. समुद्राकडून वारा सुटला होता. संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. चीर उघडी केली होती ती फ्लोरिंदोच्याच करवतीनं.

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. बाई कोसळलेल्या पत्र्याखालून एक पातेलं ओढून काढत होत्या.

“बाई,” तो म्हणाला. “तुमच्या गाडीत ओढायचा दोर आहे का? जाड?”

होता. त्यानं तो घेतला, स्वतःचा दुसरा दोर घेतला आणि बुंधा खालपासून वरपर्यंत सात ठिकाणी आवळला, प्रत्येक वेढ्यात लाकडाचा दांडका घालून पीळ भरत. गेटबाहेर गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या दोन सायकल-टॅक्सीवाल्यांना आत बोलावलं. त्यांनी विचारलं, किती मिळणार, काम काय. त्यानं काम पूर्ण सांगितलं: झाड फाटलेलं आहे, तुकडा घरावर न येता बाजूला पडावा म्हणून त्याला बांधलेला मार्गदोर ओढायचा, मी हात वर केला की सगळं टाकून गेटकडे पळायचं. त्यातल्या एकानं झाडाकडे बघितलं, सायकलकडे बघितलं.

“आणि तू?” त्यानं विचारलं.

“मी वर असेन.”

“मग कुणाला कशाला हात करतोस, पहिला तूच पळ की,” तो म्हणाला, पण थांबला.

सगळं होईपर्यंत लाझारो टाकीच्या खांबापाशी येऊन उभा राहिला होता. तळव्यांना त्यानं शर्टाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. कमरेच्या दोराचे त्यानं खांबाला तीन वेढे घातले, टोक हातात घेतलं, मागे झुकून पाय रोवले. नेहमीसारखे.

“चला, दाजी,” तो हळूच म्हणाला. “शेंड्याकडून. तुकडे तुकडे. मी आहे.”

फ्लोरिंदो त्याच्यापाशी गेला. त्याच्या हातातून त्यानं दोराचं टोक घेतलं. हिसकावलं नाही, झोपलेल्या पोराच्या मुठीतून वस्तू काढतात तसं एकेक बोट सोडवत काढलं. लाझारोनं सोडलं. सोडल्यावर त्याचे हात तसेच पुढे राहिले, चिंध्या गुंडाळलेले.

फ्लोरिंदो शेगडीपाशी गेला.

“मावशी, ऊठ.”

“का रे?”

“दोर धरायचा आहे.”

“मी?” सेलेस्ते हातातल्या पळीसकट मागे सरकली. “वेडा झालास का? मी कधी बैलाचा दोर धरला नाही! तुझा मेव्हणा उभा आहे ना ढळढळीत!”

“खांबाला तीन वेढे आहेत. जोर खांब घेतो. तू फक्त टोक सोडायचं नाही. मी वर सरकलो की थोडा ढिला द्यायचा, थांबलो की आवळायचा. एवढंच.”

“आणि माझ्या हातून सुटला तर? तू पडलास तर?”

“पडलो तर तुझं काय जाणार आहे?”

“माझं?” ती चिडून म्हणाली. “मेल्या, माझं काय जाणार म्हणतोस! मरेपर्यंत झोप लागायची नाही मला!”

“तेवढं पुरे आहे,” फ्लोरिंदो म्हणाला आणि टोक तिच्या हातात दिलं.

तिनं पळी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, परत पुसले, आणि दोर धरला. दोन्ही मुठींत, छातीशी, लहान मूल कुणी काढून घेईल अशा भीतीनं धरतात तसा. ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. व्हरांड्यातून दोना इव्होन बघत होत्या. त्यांना यातलं काही कळलेलं नव्हतं, पण त्या फोन बंद करून उभ्या होत्या. सायकलवाल्यांनी मार्गदोर उचलला. लाझारो टाकीच्या सावलीत होता.

फ्लोरिंदो चढायला लागला. पहिल्या पावलालाच कळलं, ढिला द्यायचं ती विसरली. दोर इतका ताणलेला होता की कमरेत रुतत होता, वरचं पाऊल उचलेना. एका हाकेचं काम होतं, मावशी, सोड जरा. त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. दोराच्या त्या टोकाला तिचे हात थरथरत होते. ती थरथर, त्याच्यासाठी भ्यालेल्या माणसाची, खांबावरून, झाडावरून त्याच्या कमरेपर्यंत स्पष्ट पोचत होती.

तो तसाच, त्या ताणाला ओढत, वीत वीत वर जात राहिला.